रायबाच्या तालुक्यात आपले स्वागत



ग्रामदैवत रवळनाथाला वंदन करून स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्व अभियंते आणि प्राध्यापकांचे ताम्रपर्णीकाठी मनापासून स्वागत करतो.

आमचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापुरात आला. ‘स्वामी’कार रणजित देसाई आमच्या कोवाडचे, हे आपण जाणताच. पण मला सांगायचे आहे ते पारगडाविषयी. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी हा गड वसवला आणि तानाजींचे चिरंजीव रायबा मालुसरे यांच्या हाती दिला. सिंहगडाची गोष्ट सांगणारे रायबाच्या लग्नापाशी थांबतात. पुढे रायबाचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. रायबा आमच्याकडे आला! मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात, भवानीचा उत्सव करतात. उद्या सकाळी गडावर जायची सोय केली आहे, जरूर चला.

आपण विजेच्या गाड्यांचा विचार करायला जमला आहात, आणि विजेशीही आमचे नाते आहे. तिलारी नदीचे पाणी आमच्या घाटमाथ्यावर अडते आणि घाटाखाली त्याची वीज होते. मात्र वाड्यावस्त्यांवरच्या तारा लांब आहेत. संध्याकाळी शेवटच्या घरातला दिवा मंदावतो. अशा ठिकाणी ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा एकच फास्ट चार्जर बसवला, तर गिरणीला आणि पंपाला काय उरणार? विजेच्या गाड्या आमच्या पोरांनाही हव्या आहेत. दिवसा सौर वीज भरपूर असताना त्या चार्ज व्हाव्यात, रात्री सगळ्यांनी एकदम प्लग न लावता उसाच्या पाण्यासारख्या पाळ्या लावाव्यात, याचे गणित आपण बसवून द्यावे, ही कळकळीची विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्यांबद्दल क्षमा असावी. लॉजच्या खोल्या पुरल्या नाहीत, म्हणून काही पाहुण्यांना घरोघरी उतरवले आहे. विजेच्या गाडीने आलेल्यांनी नोंदणीच्या टेबलावर पाळीचा नंबर घ्यावा. सहानंतर चार्जिंग बंद राहील, कारण स्वयंपाकघर आणि माइक त्याच डीपीवर आहेत.

काजू कारखानदार, बागायतदार, दूध संस्था, मांडववाले, विनामोबदला राबणारे वायरमन, शाळेच्या खोल्या उघडून देणारे शिक्षक, पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या बचत गटाच्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. काही दात्यांनी नाव घेऊ नका असे बजावले आहे, त्यांनाही नमस्कार. जेवण एक वाजता आहे. ओल्या काजूची उसळ केली आहे, पोटभर जेवा.