भाकड काळाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, नाटकावर बोलावे, असा प्रघात आहे. चालकांनी आम्हांला मात्र बँकेच्या कर्जावर बोलण्यास उभे केले आहे. विषय रुक्ष खरा. पण ज्या घरी बारावीचे मूल आहे, तेथे रात्री दिवा मालवल्यावर आईबाप याच विषयावर हलक्या आवाजात बोलत असतात.

आरे कॉलनीत आमच्या शेजारी असेच एक घर आहे. मुलीचा हात चित्रकलेत चांगला. एका खाजगी संस्थेत डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीला तिचा प्रवेश ठरला. वडील कर्जाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, सही करू का? तिथले लोक सांगतात, पोरांना लाखाच्या पगाराच्या नोकऱ्या लागतात."

आम्ही त्यांना विचारले, "तुमचे वडील तबेल्यात होते ना? म्हैस घेताना ते काय पाहत?"

ते चटकन म्हणाले, "भाकड किती दिवस राहील, ते."

मंडळी, मुंबई शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली ही आरे वसाहत वसवण्यात आली. येथल्या जुन्या माणसाला हे गणित शिकवावे लागत नाही. दुभत्या दिवसांचे दूध सगळ्यांनाच दिसते. पण म्हैस भाकड असते तेव्हाही वैरण खाते, आणि धंदा बुडतो तो त्या दिवसांत.

शैक्षणिक कर्जालाही असा भाकड काळ असतो. शिक्षण चालू असताना आणि सामान्यतः त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. घरच्यांना वाटते, तोवर निश्चिंती आहे. परंतु व्याज थांबलेले नसते. समजा, दरवर्षी २.५ लाख याप्रमाणे चार वर्षांत १० लाख रुपये उचलले आणि व्याज सरळव्याजाने शेकडा १० धरले. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन वर्षांचे. एकूण ३.५ लाख. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज १० लाखांचे नसते, १३.५ लाखांचे असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १७,८०० रुपये पडतात आणि एकंदर सुमारे २१.४ लाख भरावे लागतात. मुदत पंधरा वर्षांची घेतली, तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो. पण एकंदर भरणा २६ लाखांवर जातो.

आता पगाराकडे पाहू. पगार ६०,००० असेल, तर दहा वर्षांच्या हप्त्यात तीन दशांश जातो, पोरगी जगते. तोच ३०,००० असेल, तर सहा दशांश जातो, आणि उरलेल्यात या मुंबईत खोलीचे भाडेसुद्धा निघत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की संस्थेत गेल्यावर सर्वांत मोठा पगार कोणाला मिळाला हे विचारू नका. वर्गातल्या मधल्या मुलाला पहिल्या वर्षी काय मिळाले, हे विचारा. ते सांगता येत नसेल, तर ते न सांगणे हेही एक उत्तरच समजा.

दुसरी गोष्ट. डॉक्टरला पदवीवाचून दवाखाना घालता येत नाही. स्वतःस वास्तुविशारद म्हणवण्यासही १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. डिझाइनचे तसे नाही. तेथे पदवी हा परवाना नव्हे. माणसाच्या हातचे काम पाहून त्याला घेतात. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी कोणत्याही कलाशाळेच्या पदवीवाचून वारली चित्रे जगभर नेली आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. याचा अर्थ शिक्षण व्यर्थ आहे, असा नव्हे. आपण कागद विकत घेत नसून चांगले शिक्षक, कार्यशाळा आणि तोलामोलाची संगत विकत घेत आहोत, एवढे ध्यानात ठेवावे. संस्थेत हे तिन्ही नसेल, तर नुसत्या कागदासाठी दहा वर्षांचे हप्ते बांधून घेऊ नयेत.

आणि हे तिन्ही जेथे आहे, ते ठिकाण येथून फार दूर नाही. आपल्या पलीकडे पवईला आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण चालू आहे. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह काढणारे उदय कुमार तेथलेच संशोधक विद्यार्थी. गावात १८५७ पासूनचे जे. जे. आहे. अशा ठिकाणी प्रवेश अवघड, हे मान्य. पण निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी २०२४ पासून केंद्राची विद्यालक्ष्मी योजना आहे. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना तीत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर भाकड काळापुरती शेकडा ३ व्याजसवलत मिळू शकते. वैरणीचा थोडा भार सरकार उचलते, असे म्हणा.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग गरिबाच्या मुलीने चित्रे काढूच नयेत काय?" अवश्य काढावीत. श्रीमंताच्या मुलाची चूक बाप भरतो. गरिबाच्या मुलीची चूक तिला स्वतःला भरावी लागते. म्हणूनच तिच्या वतीने हिशेब अधिक काटेकोर हवा. कर्ज घेतलेच, तर शिकत असतानाच व्याज भरत जावे. आमच्या उदाहरणात तेवढ्याने हप्ता १३,२०० वर येतो, आणि अखेरीस दोन लाख वाचतात.

शेजाऱ्यांनी त्या रात्री सही केली नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच कागद घेऊन सारा हिशेब पुन्हा मांडला आणि सांगितले, "एक वर्ष थांबते, सरकारी संस्थेची परीक्षा पुन्हा देते." नातेवाईक म्हणतात, वर्ष वाया गेले. ती परीक्षेत उतरेल की नाही, हे आम्हांलाही ठाऊक नाही. पण सही करण्याआधी जिने आपल्या भाकड काळाचा हिशेब स्वतः मांडला, तिचे ते वर्ष आम्ही वायाच्या खात्यात घालणार नाही.