आधी उलटी बाजू
(मंडळाच्या महिला शाखेतर्फे गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मखरामागे यंदा जो पडदा लावला आहे, त्यावरचे अंबारीचे हत्ती आणि तुळशीवृंदावने तुम्ही पाहिलीच असतील. "हे कुणी भरलं?" असे चार दिवस सगळेजण विचारत आहेत. हे काम मशीनने केले आणि नमुना आम्ही टॅबलेटवर तयार केला, हे खरे उत्तर आहे. पण एवढ्याने ते पुरे होत नाही. मध्ये काय काय घडले, ते सांगण्यासाठी आज आम्ही उभ्या आहोत.

सुरुवात एका ट्रंकेतून झाली. आमच्यापैकी एकीच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा आत काळी चंद्रकळा निघाली. इरकली पोत, पदरावर आणि काठाजवळ कसुतीचे भरतकाम. घडीवर कापड विरले होते, पण टाके शाबूत होते. कापड बोहारणीला देऊन दोन पातेली घ्यायची की गोधडीत घालायचे, एवढाच प्रश्न घरात होता. आम्ही म्हटले, आधी नमुने तरी उतरवून घेऊ.

कसुती आपल्या भागाला नवी नाही. धारवाड, हुबळी, बेळगाव या पट्ट्यात ती घरोघरी होती. टाक्यांची नावे कन्नड आहेत: गवंती, मुर्गी, नेय्गी, मेंथी. पण शहापूर-वडगावच्या कितीतरी घरांत हे टाके मराठीत मोजले गेले. आपल्या आज्ज्यांनी ते शेजारच्या अक्कांकडून उचलले आणि कुणी कुणाला भाषा विचारली नाही. या कामात कापडावर आधी चित्र काढत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. म्हणून नमुना कागदावर कुठेच नाही. तो एक तर लुगड्यावर असतो, नाहीतर बाईच्या डोक्यात.

आम्ही पदर पाटावर सपाट पसरला, बरोबर वरून फोटो काढला आणि टॅबलेटवर घेतला. चित्र काढण्याच्या ॲपमध्ये एकावर एक थर ठेवता येतात. खाली फोटो, त्यावर चौकडी, त्यावर आपली रेघ. एक चौकडी म्हणजे एक टाका. लुगड्यावर एका इंचात बारा टाके भरले. मशीनसाठी आम्ही टाका थोडा मोठा, अडीच मिलिमीटरचा धरला. मशीनची चौकट १०० मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद, म्हणजे एका बाजूला चाळीस टाके मावतात. आमचा हत्ती छत्तीस टाक्यांचा, म्हणजे नव्वद मिलिमीटरचा झाला. चौकटीत नीट बसला. मुलांच्या चित्रकलेच्या तासासारखे हे काम होते आणि आम्हाला वाटले की जिंकलो.

मग पहिली चूक केली. चित्रावरून आपोआप टाके पाडणारी सोय असते. हत्तीचे चित्र तिला दिले. आकार दिसला की तो दोऱ्याने भरून काढायचा, एवढेच तिला कळते. तिने हत्तीचे पोट गच्च भरले. पातळ कापडावर इतके टाके पडल्यावर कापड आकसले आणि हत्तीभोवती सुरकुत्या आल्या. मशीन एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी मारत गेली, तिथे लोंबते दोरे राहिले. समोरून लांबून पाहिले तर बरे दिसत होते. आम्ही तो तुकडा घेऊन गल्लीतल्या एका आज्जींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, हातात आता सुई धरवत नाही, पण लहानपणापासून कसुती भरलेली.

आम्ही तुकडा पुढे केला. त्यांनी समोरची बाजू पाहिलीच नाही. म्हणाल्या, "आधी उलटी बाजू दाखवा बघू." उलटी बाजू म्हणजे गाठी, पांढरा बॉबिनचा दोरा आणि खाली लावलेला कागद. आज्जी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढेच विचारले, "कुठनं सुरवात केलीसा?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. चित्र आमच्याकडे होते, वाट नव्हती.

गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि त्यात गाठ नसते. जाताना एक टाका वर, एक खाली असे जायचे आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. आज्जींनी हत्तीवर बोट ठेवून वाट सांगितली. पायापासून सुरू करायचे. मधे फाटा आला की आधी फाट्यात जायचे, टोक गाठायचे, परत मूळ रस्त्याला यायचे, मग पुढे. सोंडेच्या टोकापर्यंत गेलात की त्याच रस्त्याने घरी. जिथून निघालात तिथेच दोरा संपतो. मधे कुठेही तोडावा लागत नाही.

आमच्यातल्या एकीची मुलगी गणित शिकते. ती शेजारी बसून ऐकत होती. तिने सांगितले की लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १८व्या शतकात हेच मांडले आहे. सलग जोडलेल्या आकृतीत प्रत्येक कोपऱ्याला मिळणाऱ्या रेघांची संख्या सम असेल, तर हात न उचलता सगळी आकृती काढून सुरुवातीच्या जागी परत येता येते. प्रत्येक रेघ दोनदा चालायची म्हटली की संख्या सम होतेच. आज्जींना ऑयलर माहीत नाही. पण त्याचा नियम त्यांच्या बोटांत होता.

ही वाट मशीनला कशी सांगायची? टर्टलस्टिच नावाची एक मोफत सोय आहे. ती ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे टॅबलेटवरही चालते. पडद्यावरच्या कासवाला सूचना द्यायच्या: इतके पुढे जा, डावीकडे वळ, हे चार वेळा कर. कासव जसे चालेल तसे टाके पडतात. सूचना ठोकळ्यांसारख्या एकाखाली एक जोडायच्या असतात, त्यामुळे आमच्या मंडळातल्या सातवी-आठवीच्या मुलांना ते आमच्याआधी जमले. आज्जी सांगायच्या, "तीन सरळ, एक वर, दोन मागं," आणि मुले ठोकळे जोडायची. मराठीत मोजलेले टाके जसेच्या तसे मशीनपर्यंत गेले. तयार काम डीएसटी फाईलमध्ये उतरते. या फाईलमध्ये टाक्याची जागा एक दशांश मिलिमीटरपर्यंत नोंदलेली असते, पण दोऱ्याचा रंग नसतो. रंग आपण लक्षात ठेवायचा आणि मशीनवर घालायचा.

मशीनचा टाका आणि हाताचा टाका यांत एक मूळ फरक आहे, तोही सांगायला हवा. हाताच्या कामात एकच दोरा वरखाली जातो. मशीनमध्ये दोन दोरे असतात, वरचा सुईत आणि खालचा बॉबिनमध्ये, आणि ते कापडात एकमेकांत अडकतात. म्हणून मशीनच्या रेघेला परतीची फेरी भरण्यासाठी लागत नाही. पहिल्याच फेरीत रेघ पूर्ण होते. पण दोरा न तोडता घरी यायचे तर परतावेच लागते. आम्ही परतीची फेरी ठेवली. त्यामुळे रेघ जाड आणि ठसठशीत झाली. बॉबिनमध्ये पांढऱ्याऐवजी वरच्याच रंगाचा दोरा भरला आणि ताण जरा सैल केला. कापडाखाली कागदाऐवजी पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा लावला. कोमट पाण्यात धुतला की तो निघून जातो.

गोकुळाष्टमी उलटल्यावर नवा हत्ती घेऊन पुन्हा आज्जींकडे गेलो. या वेळी आम्हीच उलटी बाजू वर करून दिली. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, नखाने चाचपला. म्हणाल्या, "दोन गाठी राहिल्या. सुरवातीची आन शेवटची." मशीनला दोरा अडकवण्यासाठी त्या दोन लागतातच. मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "काम चांगलं झालंय. लावा बाप्पाच्या मागं. पण ह्याला कसुती म्हणू नका."

हे शब्द आम्ही मनावर घेतले आहेत. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे आणि आजही धारवाडकडच्या बायका या कामावर पोट भरतात. एका साडीवर त्यांचे कित्येक दिवस जातात. मशीन हत्ती काही मिनिटांत काढते. आम्ही आमच्या कामाला कसुती म्हणून बाजारात ठेवले, तर त्या बायकांच्या ताटातले आम्ही ओढून घेऊ. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात आम्ही स्पष्ट लिहिले आहे: जुन्या कसुतीवरून, मशीनचे काम. खडे बाजारातून एका दुकानदाराने पन्नास नगांची मागणी पाठवली होती, तीही कसुतीच्या नावाने. ती आम्ही घेतली नाही. आमच्यातल्या काहीजणींना ते पटले नाही, कारण त्या पैशांतून शिवणवर्गाला नवे मशीन आले असते. त्यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरले की पिशव्या आणि रुमाल विकू, पण खऱ्या नावाने विकू.

आता तुमच्याकडे मागणे आहे. घरी जुने लुगडे, खणाची चोळी, कुंची, काही असेल तर बोहारणीला देण्याआधी आम्हाला कळवा. फोटो काढा, पण दोन्ही बाजूंचे काढा. उलट्या बाजूवर दोऱ्याची वाट थोडीफार दिसते. आणि घरात भरतकाम जाणणारी आज्जी, मावशी, आत्या असेल, तर फोटो त्यांच्यासमोर ठेवून फक्त विचारा, सुरुवात कुठून केली? टॅबलेटवरच बोटाने एक, दोन, तीन आकडे घाला. त्यांचे बोट चालताना मोबाईलवर चित्रण करा. नमुना लुगडे टिकेल तोवर राहील, फोटोत त्याहून जास्त राहील. वाट मात्र त्या माणसाबरोबरच जाईल.

आमच्याकडे आजपर्यंत अकरा नमुन्यांचे फोटो आहेत. वाट माहीत आहे ती चारांचीच. उरलेल्या सातांपैकी तीन आज्जींनाही येत नाहीत. त्या म्हणतात, ते नमुने त्यांच्या थोरल्या जावेला यायचे. थोरल्या जाऊबाई आता नाहीत. चार नमुन्यांची वाट आज्जी सांगणार आहेत. पितृपंधरवडा झाला की दर गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्या सोप्यावर बसणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी यावे, मुलांना घेऊन यावे.

पडदा विसर्जनापर्यंत मखरामागे आहे. जवळ जाऊन पाहा, हात लावा, कोपरा उलटा. आम्ही कोपरा मुद्दामच सुटा ठेवला आहे.

गणपती बाप्पा मोरया!