जुन्या लॅपटॉपचे उरलेले आयुष्य



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप नेहमीसारखेच सुरू झाले. फाइली उघडल्या, छपाई झाली, व्हिडिओ कॉल लागले. तेव्हापासून लोकांत दोन तट दिसतात. एक म्हणतो, लॅपटॉप आता भंगारात द्या आणि नवा घ्या. दुसरा म्हणतो, चालतो आहे ना, मग हात कशाला लावायचा? माझ्या मते दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होते. ते यंत्र आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम एकच धरून चालतात. संपली ती एका कंपनीने दिलेली हमी, की या सिस्टिममध्ये सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी आम्ही दुरुस्त करत राहू. यंत्र किती दिवस वापरायचे, हे त्यावर कोणते काम होते आणि ते काम इंटरनेटशी किती जोडलेले आहे यावरून ठरवायला हवे.

आधी धोक्याचे बोलतो, कारण जुने यंत्र टिकवा म्हणणाऱ्याने धोका लपवता कामा नये. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दोष जुन्या विंडोज एक्सपीला दिला गेला. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, म्हणून ते पटण्यासारखेही होते. पण नंतरच्या तपासणीत दिसले की बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते. त्या वेळी विंडोज ७ ला सपोर्ट होता आणि ती त्रुटी बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. तो टाकलेला नव्हता, एवढेच. म्हणजे घात झाला तो न टाकलेल्या अपडेटमुळे. यंत्राचे किंवा सिस्टिमचे वय हे त्याचे कारण नव्हते. विंडोज १० च्या बाबतीत तर आता बिनसपोर्टच्या यंत्राला अपडेट येणारच नाही. विंडोज १० आणि ११ यांचा बराच गाभा सामाईक आहे. त्यामुळे ११ साठी निघणारी दुरुस्ती अनेकदा १० मध्ये कुठे शोधायचे याचा माग हल्लेखोराला देते. शिवाय ब्राउझरही कायम साथ देत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने त्याला नव्या आवृत्त्या देणे थांबवले. ‘चालतो आहे ना’ हे उत्तर म्हणूनच थोड्या दिवसांचे आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. या अटींमागे सुरक्षेचे खरे कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण ही रेषा निव्वळ तांत्रिक आहे असेही म्हणता येत नाही. सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू हा प्रोसेसर अपवाद म्हणून यादीत घेतला गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये तोच आहे. कुणी म्हणेल, कंपनीने फुकट किती वर्षे राबायचे, दहा वर्षे कमी आहेत का? आक्षेप रास्त आहे. २०१५ मध्ये विंडोज १० घेणाऱ्याला दहा वर्षे मिळाली. पण सातव्या पिढीचे लॅपटॉप २०१८ मध्येही दुकानांत नवे मिळत होते. ते घेणाऱ्याच्या वाट्याला सातच वर्षे आली. आणि दुरुस्त्या तर अजूनही तयार होत आहेत. मोठ्या संस्थांना त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत विकत मिळतात. पहिल्या वर्षी एका यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. घरगुती वापरासाठी ही वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून ती मोफत घ्यायची. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथे बॅकअपची अट काढून टाकली गेली. ग्राहक संघटितपणे बोलले तर मुदतीच्या अटी बदलतात, हे आपणही ध्यानात ठेवावे.

ही वाढीव मुदत घ्यावी, पण ती विचार करायला मिळालेला वेळ म्हणून. पुढचा टिकाऊ मार्ग लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. लिनक्स मिंटची बाविसावी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, आणि चार जीबी रॅमवरही ती कामापुरती चालते. पेनड्राइव्हवरून ती काहीही न पुसता सुरू करून पाहता येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात का, हे तासाभरात कळते, आणि ते पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये. त्याआधी यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. संथ लॅपटॉपच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा त्या डिस्कमध्येच असते. जमल्यास रॅम आठ जीबी करावी आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती ताबडतोब बदलावी. विंडोज ११ च्या अटी चुकवून ते बळेच टाकण्याची युक्तीही सर्रास सांगितली जाते. मी तिचा पुरस्कार करत नाही. अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपल्याला तर हमीच हवी आहे.

लिनक्सवरचे मराठी माणसाचे आक्षेप मात्र गंभीरपणे घेतले पाहिजेत. टायपिंगचा प्रश्न मोठा नाही; युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धतींनी, तिथे उत्तम लिहिता येते. खरी अडचण जुन्या डीटीपीची आहे. आपली कित्येक पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका युनिकोडपूर्व फाँटांत आणि पेजमेकरच्या फाइलींत अडकलेल्या आहेत. त्या फाँटांत अक्षराचा संकेत फाँटपुरताच असतो. फाँट गेला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. दुकानदाराची टॅली विंडोजवर चालते. ठेकेदाराच्या आणि कर-सल्लागाराच्या डिजिटल सहीच्या टोकनची सॉफ्टवेअरेही मुख्यतः विंडोज धरूनच केलेली असतात. यांना ‘लिनक्स टाका’ म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण एवढ्यावरून लॅपटॉप टाकून द्यायचीही गरज नाही. डीटीपीच्या यंत्राला इंटरनेट लागत नाही. त्याचे वाय-फाय बंद करावे, फाइलींची ने-आण तपासलेल्या पेनड्राइव्हनेच करावी, आणि फुरसतीने जुना मजकूर युनिकोडमध्ये आणत राहावे. ते काम लॅपटॉपपेक्षा मोलाचे आहे. टॅली आणि सहीचे काम मात्र पैशांचे आणि जबाबदारीचे आहे. तिथे सपोर्ट असलेले विंडोजच हवे. नवा खर्च करायचाच तर तो तिथे करावा आणि जुने यंत्र लिनक्स टाकून घरातल्या वाचन-लेखनासाठी ठेवावे.

राहिला प्रश्न, एवढी खटपट कशासाठी? लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो ग्राहकाच्या हातात येण्यापूर्वीच, खाणीत आणि कारखान्यात, खर्ची पडलेला असतो. निर्मात्यांचे स्वतःचे अहवाल हेच सांगतात. त्यामुळे नवे यंत्र कितीही कमी वीज खात असले तरी चालू यंत्र आणखी चार वर्षे वापरणे बहुधा सरस ठरते. आणि सामान्य माणसांना लिनक्स जमत नाही म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारी शाळांत बरीच वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला जातो, आणि त्यासाठी शिक्षकांना आधी रीतसर प्रशिक्षण दिले गेले. प्रशिक्षणाचा तो भाग आपल्याकडे हमखास राहून जातो.

म्हणून माझी विनंती व्यक्तींइतकीच संस्थांना आहे. आपल्या ग्रंथालयाने, शाळेने, सहकारी पतसंस्थेने जुन्या संगणकांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: यावर कोणते काम होते, आणि त्याला इंटरनेट लागते का? पतसंस्थेत खातेदारांची माहिती ज्या यंत्रावर आहे ते सर्वांत आधी बदलावे, उरलेल्यांवर लिनक्स घालून पाहावे, आणि भंगाराचा विचार त्यानंतर करावा. मात्र कुठल्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्यातल्या सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती प्रत उघडते आहे याची खात्री करा.