घरटे ओळखावे, अंडे तिथेच राहू द्यावे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण शेताच्या बांधावरून येता-जाता जे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे पुस्तकांशी ताडून घेतले, ते चार शब्दांत सांगते.

आपण निंदणीत असतो आणि मुले ओंजळीत अंडे घेऊन धावत येतात, "आई, हे कोणाचे?" अशा वेळी "टाकून दे" म्हणून भागत नाही. उत्तर आपल्याला ठाऊक हवे, म्हणजे पुढच्या खेपेस मूल अंडे न उचलता नुसते पाहून येईल.

पहिली खूण जागेची. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारा, खाली नळीसारखे दार असलेला खोपा सुगरणीचा. नाव बाईचे, पण विणकाम सारे नराचे! खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहते. पसंत पडला तरच राहते. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीमला हे बारकाईने पाहिले आणि १९३१ साली लिहून प्रसिद्ध केले. अंगणातल्या झाडाची पाने कडेने टोचून धाग्याने शिवलेली दिसली, तर ते घर शिंप्याचे. झुडपातली नीटस वाटी बुलबुलाची. अंडी फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस ठिपके. होल्याचा संसार मात्र चार काड्यांचा; त्यात दोन पांढरी अंडी.

दुसरी खूण रंगाची. पोपट ढोलीत राहतो, खंड्या ओढ्याच्या दरडीत बीळ करतो. दोघांचीही अंडी पांढरी. अंधारात लपायला रंग कशाला हवा? पण नुसत्या रंगावर जाऊ नये. सातभाईची अंडी निळी, आणि त्याच घरट्यात गुपचूप अंडे घालून जाणाऱ्या पावशाचेही निळेच!

आता टिटवी. तिला घरटे असे नाहीच. उघड्या रानात उथळ खळगा, भोवती थोडे खडे, आत बहुधा चार अंडी. रंग मातीचा, वर काळे डाग, निमुळती टोके आतल्या बाजूला. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी ओरडली की आपण अपशकुन म्हणतो. पण बायांनो, ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडते, ती आपली अंडी जवळ आहेत म्हणून. नर-मादी दोघेही आळीपाळीने सुमारे चार आठवडे अंडी उबवतात. उन्हाच्या तडाख्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. अशा आईच्या हाकेला अशुभ कसे म्हणावे?

म्हणून टिटवी ओरडली की आधी पायाखाली पाहावे. तेवढी जागा सोडून खुरपावे, औतवाल्यालाही सांगावे. घरट्याशी गर्दी करू नये. कावळ्याला वाट सापडते. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले असेल, तर अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकत नाहीत. रानपक्ष्यांची अंडी घेणे आणि घरटी मोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

कायदा सरकारचा, पण मुलांचा हात आवरणे आपल्याकडे. तेवढे प्रत्येकीने मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.