कार्ड किती वर्षं टिकतं?

लग्नसराई संपली की आमच्या ओळखीतले फोटोग्राफर हमखास विचारतात, "हे मेमरी कार्ड किती वर्षं चालतं हो?" आता यात वर्षं मोजून भागत नाही. कार्ड किती वेळा पुसून पुन्हा भरलं, ते मोजायचं.

कार्डाच्या पोटात असते फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. सगळं एका झटक्यात पुसलं जातं, हे पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. आत अब्जावधी सूक्ष्म कप्पे. कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले की लिहिलं, हाकलले की पुसलं. पण या कप्प्याला दार नाही! इलेक्ट्रॉन दर वेळी ऑक्साइडच्या पातळ भिंतीतूनच आरपार जातात आणि भिंत झिजत जाते. कप्प्यात एकच बिट ठेवणारी जुनी, महागडी कार्डं लिहिण्या-पुसण्याच्या लाखभर फेऱ्या सोसत. आता एका कप्प्यात तीन-तीन बिट कोंबतात. तिथे हिशेब हजाराच्या आसपास येतो.

हजार ऐकून धसका घेऊ नका. वर्षाला पन्नास लग्नं आणि दर लग्नाला कार्ड काठोकाठ भरलं, तरी हजार फेऱ्यांना वीस वर्षं लागतात. कॅमेराच आधी मोडीत जाईल. गाडीच्या काचेवरच्या डॅशकॅमचं मात्र तसं नाही. तो रोज कार्ड भरतो आणि रोज जुनं पुसतो. तीन वर्षांत हजारी पुरी.

लग्नाच्या फोटोंची कार्डं जातात ती बहुधा आपल्याच घाईनं. फोटो लिहिला जात असतानाच कार्ड उपसलं, की कुठला फोटो कुठे आहे याची आतली यादी बिघडते. फोटो घरातच असतात, पत्ता हरवतो. अशा कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं पुष्कळदा सगळे परत मिळतात.

आणि नुसतं ठेवलेलं कार्ड? त्यातले इलेक्ट्रॉनही हळूहळू गळतात. झिजलेल्या कार्डातून लवकर, उन्हातान्हात त्याहून लवकर. नव्या कार्डाला साधारण दहा वर्षं धरतात.

माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो अजून कार्डातच आहेत, कपाटातल्या डबीत. भाची यंदा दहावीला बसली. घरी गेल्यावर आधी ती डबी काढणार आहे.