पदरमोड करणारा कथाकार आणि त्याचा वाचक

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या वाङ्मय-सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहात आपल्या मंदिराच्या उभारणीविषयी, ज्यांनी आपल्या घामाने व दानाने त्याच्या भिंती चढविल्या त्यांच्याविषयी पुष्कळ बोलणे झाले, आणि ते सर्वथा उचितच झाले. वाङ्मय-मंडळाने मात्र मजकडे निराळाच विषय सोपविला आहे. जे लेखक कोणाही प्रकाशकाची वाट न पाहता पदरचे पैसे खर्चून आपल्या लघुकथांची पुस्तके छापतात, त्यांच्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा आहे. विषय वरवर पाहता लहान दिसतो. पण घरांना आशीर्वाद देण्यासाठी दारोदार फिरताना ज्याने पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या माथ्यावर सुतळीने बांधलेले कोऱ्या पुस्तकांचे गठ्ठे पाहिले आहेत, त्यास तो लहान वाटणार नाही. त्या गठ्ठ्यांत कोणाची निवृत्तीची पुंजी असते, कोणाचे पतपेढीचे कर्ज असते, आणि कोणाची तरी वीस वीस वर्षांची जागरणे असतात. घरातली माणसे त्याविषयी फारशी बोलत नाहीत; बोललीच तर हसून बोलतात. त्या हसण्यात जे दुःख असते, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

अशा पुस्तकांविषयी एक समज फार रूढ आहे. तो असा, की ज्यास कोणी प्रकाशक मिळाला नाही तोच स्वतः छापतो, आणि ज्यास प्रकाशक मिळाला नाही त्याच्या लेखनात राम नसावा. हा समज इतिहासाच्या कसोटीस मुळीच उतरत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेतीलच उदाहरण प्रथम घेऊ. संत फ्रान्सिस द सेल्स १५९४ साली शाब्ले प्रांतात धर्मकार्यास गेले, तेव्हा तेथील लोक त्यांचे प्रवचन ऐकण्यास येईनात. तरुण धर्मगुरू निराश झाले नाहीत. त्यांनी आपले विचार सुट्या पत्रकांवर लिहिले, त्यांच्या प्रती काढविल्या आणि त्या लोकांच्या दारांच्या फटींतून आत सरकविल्या. प्रकाशक तेच आणि घरपोच करणारेही तेच! १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी याच संतास कॅथलिक लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. तेव्हा स्वतःचे लेखन स्वतःच लोकांच्या दारी नेणे यात हलकेपणा असता, तर हा मान त्यांस लाभला नसता.

आता कथावाङ्मयाकडे वळू. नाताळ आला की ज्या इंग्रजी गोष्टीची आठवण जगभर होते, ती चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. डिकन्स त्या वेळी नामांकित होते, तरीही या छोट्या पुस्तकाचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. रंगीत चित्रे, सोनेरी अक्षरांची बांधणी आणि किंमत अवघी पाच शिलिंग. नाताळपूर्वी सहा हजार प्रती खपल्या. पण छपाईच इतकी खर्चाची होती, की जेथे एक हजार पौंडांची अपेक्षा होती तेथे पहिल्या हिशेबात सुमारे २३० पौंडच हाती पडले. यश आणि नफा या दोन सख्ख्या बहिणी नव्हेत, हे डिकन्ससारख्यासही शिकावे लागले!

बीट्रिक्स पॉटर यांची सशाची गोष्ट मुळात १८९३ साली एका आजारी मुलास लिहिलेल्या पत्रात होती. अनेक प्रकाशकांनी ती परत केली, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी स्वखर्चाने तिच्या २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने ती हौसेने स्वीकारली, आणि आज ती जगातील असंख्य मुलांच्या ओळखीची आहे. १९१७ साली व्हर्जिनिया वुल्फ व त्यांचे पती लेनर्ड यांनी आपल्या घरी लहानसे हातयंत्र मांडून दोघांची एकेक कथा असलेले पुस्तक छापले. प्रती सुमारे दीडशे. त्या लहानशा यंत्रातून पुढे इंग्रजी वाङ्मयातील एक नामवंत प्रकाशनसंस्था उभी राहिली.

आपल्या मराठीतही कथेचे बीज बहुधा असेच स्वतःच्या हिमतीवर पेरले गेले आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि त्यातून आपल्या ‘स्फुट गोष्टी’ लोकांपुढे ठेवल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले व १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. दिवाळीच्या फराळाबरोबर नव्या कथा वाचण्याची जी गोड सवय महाराष्ट्रास लागली, तिचा उगम तेथे आहे. जुनी मराठी पुस्तके चाळून पाहा. कित्येकांच्या पहिल्या पानावर ग्रंथकर्त्यानेच पुस्तक प्रसिद्ध केल्याचे नमूद आहे, आणि शेवटी आगाऊ वर्गणी भरणाऱ्या आश्रयदात्यांची नावनिशीवार यादी आहे. म्हणजे त्या काळी लेखक एकटा नसे. त्याच्या पाठीशी नावागावानिशी उभे राहणारे वाचक असत. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे त्याचाच उपयोग आहे.

परंतु याच्या उलट बाजूचाही एक भ्रम आहे, आणि तो लेखकांचा आहे. पुस्तक छापले म्हणजे ते झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. चांगला प्रकाशक केवळ कागद आणि शाई पुरवीत नाही. तो हस्तलिखित बारकाईने वाचणारा संपादक देतो, मुद्रिते तपासणारा डोळा देतो, दुकानापर्यंत माल नेणारे हात देतो आणि प्रसंगी ‘हे अजून पिकले नाही’ असे सांगण्याचे धैर्य दाखवितो. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाची जी कीर्ती आजही सांगतात, ती श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करून त्याजकडून कथा पुनःपुन्हा लिहवून घेत म्हणून. स्वतः छापणाऱ्यास प्रकाशक नसला तरी चालेल. पण संपादकावाचून चालणार नाही. तो त्याने मित्रांत, शिक्षकांत, पाहिजे तर विरोधकांत शोधावा, पण शोधावाच.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी येथे सांगून ठेवतो. पूर्वी एकेक खिळा जुळवून फर्मे बांधावे लागत. तो खर्च वसूल होण्यासाठी एकदम हजार प्रती छापणे भाग पडे. आज संगणकामुळे पंचवीस-पन्नास प्रतीही छापून मिळतात व मागणी येईल तशा आणखी काढता येतात. म्हणून कर्ज काढून गठ्ठे रचण्याचे आता कारण उरलेले नाही. आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक भारत सरकारच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणास पैसे मोजू नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे येथे लेखकानेच, पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील ग्रंथालयासह आणखी ठरावीक ग्रंथालयांस पाठवावयाची असते. हा जुलूम समजू नये; आपण गेल्यावरही आपली कथा कोठेतरी सुरक्षित राहावी, अशी ही सोय आहे. आणि १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे कथा लिहिली जाताच तिचा हक्क लेखकाचा होतो, व त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. लेखकाकडून छपाईचा सगळा खर्च घ्यावयाचा आणि वर त्याच्या हक्कावरही सही करून घ्यावयाची, असा व्यापार करणारे लोक आहेत. कागद वाचल्यावाचून सही करू नका, एवढेच मी सांगेन. शेताच्या सातबाऱ्यास आपण जितके जपतो, तितकेच या हक्कासही जपावे.

येथे कोणी विचारील, की फादर, या कथांना धर्माधिकाऱ्यांची अनुमती नको काय? पवित्र शास्त्राची भाषांतरे, धर्मशिक्षणाची व प्रार्थनेची पुस्तके यांस ती लागते. कथेस ती लागत नाही, आणि निषिद्ध ग्रंथांची जुनी यादीही १९६६ सालीच रद्द झाली आहे. तेव्हा कथा माझ्या शिक्क्यासाठी अडलेली नाही. ती अडली आहे वाचकासाठी.

बंधुभगिनींनो, माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. छापणे सोपे झाले आणि वाचले जाणे कठीण झाले. पूर्वी लेखक यंत्रासाठी तळमळे; आज यंत्र दाराशी आहे, आणि तो डोळ्यांसाठी तळमळतो. मोठ्या बाजारात नवख्याची कथा कोणी शोधीत नाही. शोधण्याचे काम जवळच्यांनाच केले पाहिजे.

प्रभू येशूने स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने गोष्टी सांगितल्या, आणि त्याही लहान; बी पेरणाऱ्याची, हरवलेल्या मेंढराची, घर सोडून गेलेल्या पुत्राची. त्या कोणी जतन केल्या? ऐकणाऱ्यांनी. उधळ्या पुत्राचा दाखला आणि दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला हे दोन्ही चारांपैकी एकाच शुभवर्तमानात, संत लूकच्या शुभवर्तमानात आढळतात. आरंभीच तो सांगतो, की सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून मी लिहीत आहे. त्याने तो शोध केला नसता, कोणा वृद्ध श्रोत्याजवळ बसून कान दिला नसता, तर घरी परतणाऱ्या पुत्राला पाहून धावत निघालेला तो बाप आपणास ठाऊक झाला असता काय? मी हा प्रश्न मनाशी पुष्कळदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी भाषेचे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरीही ग्रंथ जगला, तो कोणाच्या आधाराने? ज्या कुटुंबांनी आपल्या हाताने त्याच्या प्रती उतरून घेतल्या व पेटीत जपल्या, त्यांच्या आधाराने. १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला गेला, तो अशाच हस्तलिखितांवरून. छापखाना हरला, वाचक जिंकला. अकरा हजारांच्या घरातील ओव्या ज्या सामान्य माणसांनी जगविल्या, त्यांचेच आपण धर्मबंधू आहोत. मग शंभर पानांचे एक कथापुस्तक आपणास जड का व्हावे?

आपल्या वसईच्या मातीत वाङ्मयाची आवड नाही असे कोण म्हणेल? येथे ‘सुवार्ता’ मासिकाने लिहिते हात घडविले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. परंतु आपल्या सामवेदी व वाडवळी बोलींतील कित्येक गोष्टी अजून आज्यांच्या ओठांवरच आहेत, आणि दर वर्षी दफनभूमीत आपण एखाददुसऱ्या आजीबरोबर एक न लिहिलेले पुस्तक मातीआड करीत आहोत. त्या गोष्टी लिहिणारा तरुण मोठ्या शहरातील प्रकाशकाच्या दारी गेला, तर त्या बोलीचा अर्थ तरी तेथे किती जणांस लागणार? त्याचा पहिला वाचक येथेच मिळाला पाहिजे.

म्हणून महोत्सवाच्या स्मरणार्थ मी तीन गोष्टी सुचवितो. एक, आपल्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयात स्वखर्चाने छापलेल्या कथापुस्तकांसाठी एक स्वतंत्र फळी असावी, आणि परिसरातील लेखकाच्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या काही प्रती पूर्ण किमतीस विकत घ्याव्यात. भेट म्हणून मागू नयेत. आपण गवंड्याकडे भिंत फुकट मागत नाही; मग लेखकाकडेच पुस्तक फुकट का मागतो? दोन, महिन्यातील एका रविवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर एका नव्या कथेचे जाहीर वाचन व्हावे, आणि ऐकणाऱ्यांनी केवळ टाळ्या न वाजविता काय भावले व काय खटकले ते प्रेमाने सांगावे. खोटी स्तुती ही दया नव्हे. तीन, कोणीही पुस्तक छापण्यापूर्वी दोघा जाणत्यांनी ते वाचून द्यावे, असे एक लहानसे मंडळ येथे स्थापन व्हावे. त्यातील एक वाचक होण्यास मी आनंदाने तयार आहे.

मालकाने दिलेली रक्कम जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या दाखल्याच्या आधारे आपण नेहमी लेखकासच बजावतो, की तुझे देणे पुरून ठेवू नकोस. पण ज्याने ते पुरले नाही, उलट पदरमोड करून उजेडात आणले, त्याचे गठ्ठे पलंगाखाली राहिले तर ते पुरण्याचा दोष कोणाकडे जातो, याचा विचार आपण प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. घरी गेल्यावर शेजाऱ्याच्या त्या गठ्ठ्यातील एक पुस्तक मागून घ्या, त्याची किंमत त्याच्या हाती ठेवा, आणि पुढील रविवारी भेटाल तेव्हा त्यातील एक तरी कथा वाचल्याचे त्यास सांगा.

ज्याने शब्दाच्या द्वारे सृष्टी निर्माण केली, तो परमेश्वर आपल्या लिहिणाऱ्यांच्या शब्दांस सत्य देवो, आणि वाचणाऱ्यांच्या कानांस धीर देवो.