दोन निबंधांचा हिशेब

ॲलन कॉरमॅक यांचे दोन शोधनिबंध १९६३ आणि १९६४ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स' या नियतकालिकात छापून आले. आज गावोगावच्या रुग्णालयांत ज्याला सगळे नुसते 'सीटी' म्हणतात, त्या तपासणीचे गणित या निबंधांत होते. निबंध छापल्यावर मात्र जवळजवळ कोणीच दखल घेतली नाही. प्रती मागवणाऱ्यांमध्ये लक्षात राहण्याजोगी विचारणा आली ती स्वित्झर्लंडमधल्या हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून. डोंगरावर साचलेल्या बर्फाचा अंदाज या रीतीने घेता येईल का, याचा विचार तिथे चालू होता. डॉक्टरांच्या जगात सामसूम होती.

कॉरमॅक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. १९५६ मध्ये ते केप टाउन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर भौतिकतज्ज्ञाची देखरेख हवी, असा तिथला कायदा होता. म्हणून आठवड्यातला दीड दिवस त्यांना ग्रूट स्खूर रुग्णालयात घालवावा लागे. किरणोपचाराच्या मात्रा ठरवताना शरीर आतून सगळीकडे सारखेच आहे असे धरून चालत, ही गोष्ट तिथे त्यांना खटकली. हाड वेगळे, फुप्फुस वेगळे. प्रत्येक जागी क्ष-किरण किती शोषले जातात हे कळायला हवे. बाहेरून मोजता येते ती एका रेषेवरच्या शोषणाची फक्त बेरीज. आडव्या, उभ्या, तिरक्या ओळींच्या बेरजा द्याव्यात आणि चौकटीतला प्रत्येक आकडा ओळखायला सांगावे, तसेच हे कोडे होते. कॉरमॅक यांनी ते कागदावर सोडवले आणि पुढे अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात ॲल्युमिनियम व प्लास्टिकच्या नमुन्यावर पडताळूनही पाहिले. नमुन्याचे बाहेरचे कडे म्हणजे कवटी, आतल्या दोन चकत्या म्हणजे गाठी. हे सगळे त्यांचे सवडीचे काम होते. मुख्य विषय कणभौतिकी.

गंमत अशी, की हेच गणित योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच सोडवून ठेवले होते. कॉरमॅक यांना त्याचा पत्ता बऱ्याच वर्षांनी लागला. तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनाही कॉरमॅक यांचे निबंध ठाऊक नव्हते. त्यांनी स्वतंत्रपणे यंत्र उभे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. म्हणजे एका मोठ्या शोधाची तीन टोके एकमेकांचा संदर्भ न घेताच तयार झाली. संदर्भांच्या मोजणीत असे नाते कुठेच उमटत नाही.

ही मोजणी पद्धतशीर सुरू झाली तीही त्याच काळात. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला याची सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात काढली. निबंध शोधण्याचे ते उत्तम साधन होते. माणसे तोलण्याचा काटा ते नंतर झाले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' सुचवला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले, पण एकवीस निबंधांना एकवीस मिळाले नाहीत, त्याचा निर्देशांक वीस. एकूण निबंधांपेक्षा हा आकडा मोठा होऊच शकत नाही. या विषयावरचे हे दोनच निबंध धरले तर ते जगभर कितीही गाजले तरी कॉरमॅक यांचा निर्देशांक दोनच! महाविद्यालयांत बढतीसाठी एकेकाळी 'एपीआय'चे (शैक्षणिक कामगिरी निर्देशकांचे) गुण जुळवत बसलेल्या प्राध्यापकांना यातली खोच वेगळी सांगायला नको.

उलट टोकाचे उदाहरणही वैद्यकीय प्रतिमांच्या याच क्षेत्रात आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी २०१५ मध्ये 'यू-नेट' हा निबंध एका परिषदेत मांडला. प्रतिमेतला कोणता भाग पेशीचा, कोणता बाहेरचा, हे संगणकाने कसे ठरवावे, हा त्याचा विषय. अवघी काही पाने, पण संदर्भ हजारोंनी मोजावे लागतात. पद्धत चांगली होतीच. शिवाय ती थोड्या चित्रांवर शिकत असे, एका स्पर्धेत तर फक्त तीस. कामाची आज्ञावली सर्वांना खुली होती आणि स्वस्त, वेगवान संगणक हाताशी आलेले होते. कॉरमॅक यांच्या वेळी हे काहीच नव्हते. संदर्भांचा आकडा निबंधाची गुणवत्ता सांगतो त्याहून अधिक, तो वापरायला जग कितपत तयार होते हे सांगतो. विषयाविषयांत फरक पडतो, आढावा घेणाऱ्या लेखांना झुकते माप मिळते, स्वतःचेच संदर्भ देऊनही आकडा फुगवता येतो. म्हणूनच २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'वरून, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या सरासरी संदर्भांवरून, संशोधकाची नेमणूक वा बढती ठरवू नये, असे बजावले.

१९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कॉरमॅक आणि हौन्सफिल्ड यांना विभागून मिळाले. दोघांपैकी कोणाकडेही संशोधनातून मिळवलेली डॉक्टरेट नव्हती. कॉरमॅक यांचे त्या वेळचे भाषण नोबेल संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते एकदा मुळातून वाचावे.